सौम्य स्ट्रेनची ढाल: क्रॉस प्रोटेक्शन तपासायचं कसं, वापरायचं कसं

१४ मे १७९६ रोजी एडवर्ड जेन्नर यांनी गोदेवीच्या फोडातलं द्रव्य आठ वर्षांच्या जेम्स फिप्सच्या दंडावर टोचलं. जुलैत त्याच मुलाला खऱ्या देवीचं द्रव्य टोचलं, तरी त्याला देवी आल्या नाहीत. १९२९मध्ये वनस्पतिरोगतज्ज्ञ मॅकिनी यांनी तंबाखूच्या मोझॅक विषाणूबाबत असंच काही नोंदवलं. ज्या रोपात सौम्य प्रकार आधीच पसरला होता, त्यात पिवळ्या मोझॅकची लक्षणं उमटली नाहीत. माणसात अँटिबॉडी आणि टी-पेशी असतात, रोपात अँटिबॉडी हा प्रकारच नसतो. तरी दोन्हीकडे आधी आलेल्याने नंतर येणाऱ्या भाऊबंदाची वाट अडवली. यालाच क्रॉस प्रोटेक्शन म्हणतात, आणि एकाच रोगकारकाच्या अशा उपप्रकारांना स्ट्रेन.

यातून एक समज पक्का झाला की रोगकारकांचं नातं जवळचं असलं की संरक्षण मिळणारच. प्रत्यक्षात लाळ्या-खुरकूतचे सात सीरोटाइप, म्हणजे अँटिबॉडीच्या ओळखीवरून पाडलेले प्रकार (ओ, ए, सी, एशिया-१ आणि सॅट १, २, ३) एकाच विषाणूचे असूनही एकाची लस दुसऱ्याला थोपवत नाही. डेंग्यूत तर एका प्रकाराने झालेला पहिला संसर्ग दुसऱ्या प्रकाराचा पुढचा संसर्ग जास्त गंभीर करू शकतो. म्हणून नात्यावर विसंबू नका, मोजून घ्या. ते मोजायचं कसं आणि हाती आलेल्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा, ते पुढे सांगतो.

आधी प्रश्न नेमका करा

"ही लस चालेल का?" या प्रश्नाला उत्तर नसतं. कोणत्या स्ट्रेनविरुद्ध, कशापासून आणि किती काळ, हे तीनही ठरवूनच कामाला लागा. यातला "कशापासून" हा भाग सर्वांत जास्त वेळा सुटतो. कोंबड्यांच्या मरेक रोगात टर्कीचा निरुपद्रवी हर्पीस विषाणू (एचव्हीटी) १९७०च्या दशकाच्या सुरुवातीपासून लस म्हणून वापरला जातो. तो गाठी आणि मृत्यू रोखतो, पण संसर्ग रोखत नाही. लस दिलेला पक्षी मूळ विषाणू पिसांच्या मुळांतून धुळीवाटे बाहेर टाकतच राहतो. शेडमध्ये मरतूक थांबली म्हणून विषाणू गेला असं धरून स्वच्छता सैल केली, तर पुढची तुकडी पहिल्याच आठवड्यात जोरदार संसर्गाला तोंड देते.

मग वर्गीकरण पाहा. प्रत्येक रोगात संरक्षणाशी जुळणारं वर्गीकरण वेगळं असतं:

- रेबीजच्या कुळात फायलोग्रुप (जनुकीय नात्यावरून पाडलेला गट) महत्त्वाचा. नेहमीची रेबीज लस पहिल्या फायलोग्रुपमधल्या लिसाव्हायरसांना (रेबीज आणि त्याचे नातलग विषाणू) कमी-अधिक प्रमाणात झाकते; दुसऱ्यातल्या मोकोला आणि लागोस बॅट विषाणूंवर तिचा भरवसा धरता येत नाही.
- न्यूमोकोकस या न्यूमोनियाच्या जिवाणूत कॅप्सूलचा (बाहेरच्या आवरणाचा) सीरोटाइप पाहावा लागतो, आणि तिथेही नावं फसवतात. सात प्रकारांच्या जुन्या लसीत ६बी आणि १९एफ होते. ६बीमुळे ६एविरुद्ध बरंच संरक्षण मिळालं, पण १९एफमुळे १९एविरुद्ध फारसं काही मिळालं नाही. लस रुळल्यावर १९ए वाढला, आणि तेरा प्रकारांच्या लसीत तो स्वतंत्रपणे घालावा लागला.
- पोलिओच्या तीन प्रकारांत भरवशाचं आपसातलं संरक्षण नाही. लेप्टोस्पायरा या जिवाणूत ते बहुतांशी सीरोव्हरपुरतंच (सीरोटाइपसारख्या उपप्रकारापुरतंच) राहतं.
- देवी वर्गातल्या विषाणूंत मात्र ते खूप रुंद असतं. म्हणूनच मेंढ्या-शेळ्यांच्या देवीची लस जनावरांच्या लम्पी त्वचारोगात वापरता येते आणि माणसाच्या देवीसाठी बनवलेली एमव्हीए लस एमपॉक्समध्ये उपयोगी पडते.

लम्पीसाठी शेळी-मेंढीची लस वापरताना डोसची चूक नेहमी होते. शेळीचा डोस गाईला पुरेल असं गृहीत धरू नका. काही स्ट्रेनच्या बाबतीत मेंढीच्या डोसच्या दहापट मात्रा लागते. लसीच्या पत्रकात जनावरांसाठीचा डोस दिलेला नसेल, तर उत्पादक आणि पशुवैद्यक अधिकारी यांच्याकडून लेखी घ्या.

सीरम वापरून अंतर मोजणं

जिवंत जनावराला रोगकारक देण्याआधी बाटलीतल्या सीरमवर उत्तर मिळतं का ते पाहावं. लाळ्या-खुरकूतसाठी "आर-१" हा आकडा काढतात. लस दिलेल्या जनावरांचं सीरम घ्यायचं (साधारण २१ ते २८ दिवसांनी, किमान पाच जनावरांचं एकत्र केलेलं) आणि विषाणू निष्प्रभ करण्याची चाचणी दोन विषाणूंवर शेजारी-शेजारी लावायची: एकदा लसीतल्या स्ट्रेनवर, एकदा शेतातून आलेल्यावर.

आर-१ = शेतातल्या स्ट्रेनविरुद्धचा टायटर ÷ लसीच्या स्ट्रेनविरुद्धचा टायटर

टायटर म्हणजे सीरम किती पट पातळ करेपर्यंत त्याचा परिणाम टिकतो तो आकडा.

समजा लसीच्या स्ट्रेनवर टायटर ६४० आला आणि शेतातल्यावर १६०. म्हणजे आर-१ झाला ०.२५. या चाचणीत ०.३ किंवा जास्त आला तर लस जुळते असं धरतात; कमी आला तर संरक्षण मिळण्याची शक्यता कमी. आता ०.२५ आणि ०.३ मधलं अंतर पाहा. सीरम दर पायरीला दुप्पट पातळ करत जाण्याच्या चाचणीत एका पायरीची, म्हणजे एका खाचेची, चूक सहज होते, आणि एक खाच चुकली की १६०च्या जागी ३२० वाचलं जातं. तेवढ्यानेच आर-१ ०.५ होतो आणि निष्कर्ष उलटतो. म्हणून एकाच दिवशीच्या एका वाचनावर लस बदलू नका. वेगवेगळ्या दिवशी किमान तीनदा चाचणी करा, टायटरचे लॉग घ्या आणि त्यांची सरासरी काढा. साधी सरासरी काढलीत तर एक मोठा आकडा सगळ्यांना ओढून नेतो.

आर-१ थोडा कमी असला तरी सगळं संपलं असं नाही. लसीची ताकद पीडी-५० मध्ये मोजतात; निम्म्या जनावरांना वाचवणारी मात्रा म्हणजे एक पीडी-५०. नेहमीच्या वापरासाठी किमान ३ पीडी-५० लागतात. साथीच्या वेळी ६ किंवा त्याहून जास्त ताकदीची लस वापरतात. ताकद वाढवली आणि बूस्टर वेळेवर दिला, की अँटिबॉडीची पातळी उंचावते आणि झाकलेली रुंदीही थोडी वाढते. सीरोटाइपच वेगळा असेल तर मात्र कितीही बूस्टर दिले तरी फरक पडत नाही.

इन्फ्लुएन्झासाठी एचआय चाचणी वापरतात: विषाणू तांबड्या रक्तपेशींना एकमेकींना चिकटवतो, त्याला सीरम किती अटकाव करतं ते ती मोजते. ती बिघडते ती बहुधा तयारीत, त्यामुळे हा भाग सावकाश वाचा.

सीरमच्या एका भागाला रिसेप्टर नष्ट करणाऱ्या एन्झाइमचे (आरडीई) तीन भाग घाला. ३७ अंशांवर १८ ते २० तास ठेवा, मग ५६ अंशांवर ३० मिनिटं. त्यात सहा भाग सलाइन घातलं की सीरम १:१० झालं. पुढे दुप्पट-दुप्पट पातळ करत जा. विषाणू २५ मायक्रोलिटरमध्ये ४ एचए युनिट (रक्तपेशी चिकटवण्याच्या ताकदीचं एकक) इतका घ्या, आणि तो खरोखर ४ आहे हे त्याच प्लेटवर उलट मोजणी करून दाखवा. ८ झाला तर सगळे टायटर एक खाच खाली दिसतात आणि स्ट्रेन बदलल्याचा भास होतो. आरडीईची पायरी टाळली किंवा कमी वेळ ठेवली, तर सीरममधले नैसर्गिक अटकाव करणारे घटक शिल्लक राहतात आणि सगळ्याच स्ट्रेनविरुद्ध छान टायटर दिसतो. हे फसवं "रुंद संरक्षण" कागदावर फार देखणं दिसतं. ते पकडायला कधीही संसर्ग न झालेल्या प्राण्याचं सीरम प्रत्येक प्लेटवर हवंच.

अलीकडच्या बऱ्याच एच३एन२ विषाणूंना कोंबडीच्या तांबड्या पेशी नीट चिकटत नाहीत. गिनीपिगच्या पेशी १ टक्क्याच्या आसपास वापरा आणि एक तासाने वाचा. कोंबडी किंवा टर्कीच्या ०.५ टक्के पेशी अर्ध्या तासात वाचता येतात. प्लेट तिरकी धरली की बटणासारखा बसलेला थेंब अश्रूसारखा ओघळतो. ओघळला म्हणजे अटकाव झाला. जाळीसारखा पसरून राहिला तर झालेला नाही.

स्ट्रेनमधलं अंतर ठरवायला पहिल्यांदाच संसर्ग झालेल्या फेरेटचं सीरम घेतात. प्रौढ माणसाच्या सीरममध्ये अनेक वर्षांच्या फ्लूचा इतिहास मिसळलेला असतो, त्यातून दोन स्ट्रेनमधलं अंतर स्वच्छ दिसत नाही. टायटर आठपट किंवा जास्त घसरला, तर स्ट्रेन प्रतिजनाच्या दृष्टीने वेगळा झाला असं समजतात.

आणि एक गोष्ट ठासून सांगायला हवी: सीरम जुळणं म्हणजे संरक्षण असं नव्हे. एलायझामध्ये (अँटिबॉडी चिकटते का ते रंगावरून दाखवणाऱ्या चाचणीत) दोन फ्लॅव्हीव्हायरस (डेंग्यूच्या कुळातले विषाणू) सर्रास एकमेकांसारखे दिसतात. ती अँटिबॉडी चिकटते, पण विषाणूला निष्प्रभ करते का हे एलायझा सांगत नाही. संरक्षणाबद्दल बोलायचं तर निष्प्रभीकरणाची चाचणी लावा. टी-पेशींवर चालणाऱ्या संरक्षणात तर उलटाच घोळ होतो: टायटर शून्य असला तरी प्राणी वाचू शकतो.

चॅलेंज चाचणी

चॅलेंज म्हणजे लस दिलेल्या आणि न दिलेल्यांना मुद्दाम रोगकारक देऊन पाहणं. हे काम मान्यताप्राप्त, जैवसुरक्षा असलेल्या जागीच आणि प्राण्यांवरील प्रयोगांच्या परवानगीनेच होतं. तरीही निकाल वाचता यायला हवा. कोंबड्यांच्या संसर्गजन्य ब्राँकायटिसचं उदाहरण घ्या. चॅलेंजनंतर काही दिवसांनी प्रत्येक पक्ष्याच्या श्वासनलिकेच्या १० चकत्या करतात (वरून ३, मधून ४, खालून ३) आणि सूक्ष्मदर्शकाखाली आतली केसाळ झालर हलते का पाहतात. पूर्ण हलत असेल तर ०, पूर्ण थांबली असेल तर ४. एका पक्ष्याचे जास्तीत जास्त ४० गुण.

संरक्षण (टक्के) = १०० − (लस दिलेल्यांची सरासरी ÷ लस न दिलेल्यांची सरासरी × १००)

लस न दिलेल्यांची सरासरी ३६ आणि लस दिलेल्यांची ९, तर संरक्षण ७५ टक्के. पण न दिलेल्यांचीच सरासरी २० आली असेल, तर चाचणी फेकून द्या, कारण चॅलेंजच कच्चा होता आणि कोणतीही लस त्यात चांगली दिसेल. या पद्धतीनेच कळलं की पहिल्या दिवशी मॅसॅच्युसेट्स प्रकारची आणि दोन आठवड्यांनी ४/९१ प्रकारची लस दिली, तर या दोन्हींहून वेगळ्या अनेक सीरोटाइपविरुद्धही बरंच संरक्षण मिळतं. एकेकट्या लसीने ते मिळत नाही.

पिकांत सौम्य स्ट्रेन देणं

वनस्पतीत संरक्षण टिकतं ते सौम्य विषाणू रोपात जिवंत, पसरलेला असेपर्यंत. तो आधीच जागा अडवतो. शिवाय रोपाची आरएनए-सायलेन्सिंग (विषाणूचा आरएनए कापणारी) यंत्रणा त्याच्या जनुकीय क्रमावर जागी होते आणि तसाच क्रम असलेल्या नव्या विषाणूचे तुकडे करते. क्रम जितका वेगळा, तितकी ही कात्री बोथट.

त्यामुळे स्ट्रेनचा गट जुळवणं हे अर्धं काम. पपईच्या रिंगस्पॉट विषाणूचा एचए ५-१ हा सौम्य स्ट्रेन हवाईतल्या तीव्र स्ट्रेनवर नायट्रस आम्लाची प्रक्रिया करून मिळवला होता. हवाईत तो चांगला चालला. तैवानमधल्या स्ट्रेनविरुद्ध संरक्षण अर्धवट राहिलं आणि लागणीचा दाब जास्त असलेल्या बागांत ते कोसळलं. टोमॅटोवरच्या पेपिनो मोझॅकमध्ये तर युरोपीय जनुकप्रकाराचा सौम्य स्ट्रेन दिलेल्या झाडांत सीएच-२ हा वेगळा जनुकप्रकार घुसला, तेव्हा लक्षणं उलट वाढली. याउलट ब्राझीलमध्ये पेरा संत्र्यावर ट्रिस्टेझा या लिंबूवर्गीय झाडांच्या विषाणूचे तिथेच सापडलेले सौम्य स्ट्रेन निवडले गेले आणि १९८०पर्यंत ८० लाखांहून जास्त झाडं त्याखाली आली. आपल्याच बागेत, भोवतालची झाडं खुरटलेली असताना एखादं झाड संसर्ग असूनही टवटवीत उभं असतं. सौम्य स्ट्रेनचा शोध तिथून सुरू करा.

चाचणीची मांडणी अशी. रोपं कीटकरोधक जाळीघरात, दोन खऱ्या पानांची. पाच गट, प्रत्येकी १५ ते २० रोपं:

१. काहीच न दिलेली
२. फक्त बफर चोळलेली
३. फक्त सौम्य
४. फक्त तीव्र
५. आधी सौम्य, मग तीव्र

लक्षणं असलेलं कोवळं पान १ ग्रॅम आणि गार फॉस्फेट बफर १० मिली (०.०५ मोलर, पीएच ७ ते ७.५ च्या दरम्यान) थंड खलात वाटा. खल बर्फावर ठेवा. रस तपकिरी पडायला लागला की विषाणू निकामी होतोय असं समजा. ते टाळायला बफरमध्ये थोडं सोडियम सल्फाइट घालतात. पानावर ६०० मेश कार्बोरंडम अगदी हलकं भुरभुरा, बोटाने एकाच दिशेने चोळा आणि लगेच पाण्याने धुवा. जोर इतकाच हवा की दुसऱ्या दिवशी पानावर पांढरे ओरखडे दिसू नयेत. पेशी मेली तर विषाणूला वाढायला जागाच उरत नाही. रोपं आदल्या दिवशी सावलीत ठेवली तर लागण चांगली होते.

आता थांबायचं, आणि इथेच घाई होते. चोळलेल्या पानात विषाणू आहे याला काही अर्थ नाही. तो वरच्या नव्या पानात पोहोचला पाहिजे. साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. वरच्या पानाची चाचणी करून खात्री झाल्यावरच त्याच पानावर तीव्र स्ट्रेन चोळा. काही रोपांना ३, ७ आणि १४ दिवसांनीच चॅलेंज देऊन बघा, म्हणजे शेतात लावण्याआधी रोपवाटिकेत किती दिवस राखायचं ते कळेल. चौथ्या गटातली जवळजवळ सगळी रोपं आजारी पडली नाहीत, तर पुन्हा सुरुवात करा.

साध्या एलायझाने सौम्य आणि तीव्र वेगळे ओळखू येत नाहीत, कारण दोघांचं आवरण-प्रथिन बहुधा सारखंच असतं. स्ट्रेननुसार प्रायमर (त्या स्ट्रेनच्याच क्रमाला चिकटणारे डीएनएचे छोटे तुकडे) वापरून आरटी-पीसीआर, म्हणजे विषाणूचा आरएनए ओळखणारी चाचणी, करा. पाचव्या गटात लक्षणं नसली तरी तीव्र स्ट्रेन आत लपून बसला आहे का, ते यानेच कळतं. हाताने चोळलेला विषाणू थोपवला म्हणजे माव्याने किंवा कलमातून आलेलाही थोपेल असं नाही. शेतात ज्या वाटेने रोग येतो, त्या वाटेनेही एकदा चॅलेंज द्या.

उत्पादन मोजताना तिसऱ्या गटाची पहिल्याशी तुलना करा. सौम्य स्ट्रेनचीही किंमत असते: फळं लहान राहतात, तोडा उशिरा येतो. लागणीचा दाब कमी असलेल्या भागात हे नुकसान मूळ रोगापेक्षा जास्त भरू शकतं. तिथे आम्ही सौम्य स्ट्रेन देऊ नका असंच सांगू.

देण्याआधी तीन गोष्टी नक्की तपासा. रसात दुसरा विषाणू किंवा व्हायरॉइड (नुसत्या आरएनएचा रोगकारक) नाही ना? व्हायरॉइडला आवरण-प्रथिनच नसतं, त्यामुळे एलायझा तो कधीच दाखवणार नाही. शेजारच्या पिकावर हा "सौम्य" तीव्र होत नाही ना? आणि तिसरं, शेतात नेहमी सापडणाऱ्या दुसऱ्या विषाणूशी त्याची जोडी कशी जमते? बटाट्याचे एक्स आणि वाय विषाणू एकेकटे सोसतात, एकत्र आले की झाड झोपतं. काकडीवर्गातला पिवळा मोझॅक थोपवणारा डब्ल्यूके स्ट्रेन या दृष्टीने चांगला, कारण मावा तो जवळजवळ पसरवतच नाही. दिला तिथेच राहतो. जिवंत विषाणू शेतात सोडण्याला पीकसंरक्षण यंत्रणेची परवानगी लागते, ती आधी घ्या.

माणसांत

इथे चॅलेंजचा प्रश्नच बहुधा येत नाही. आजारी माणसांच्या नोंदींतून संरक्षण काढावं लागतं, आणि सर्वांत सोयीची पद्धत म्हणजे सारखी लक्षणं घेऊन तपासणीला आलेल्यांपैकी पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह यांच्यातल्या लसीकरणाची तुलना.

समजा, लसीतल्या स्ट्रेनने पॉझिटिव्ह १०० जणांत ३० लसवंत, आणि निगेटिव्ह १०० जणांत ६०. ऑड्स रेशो (दोन गटांतल्या लसवंत आणि बिनलस यांच्या प्रमाणांचं गुणोत्तर) = (३० × ४०) ÷ (७० × ६०) = ०.२९, परिणामकारकता (१ वजा हा आकडा) सुमारे ७१ टक्के. दूरच्या स्ट्रेनने पॉझिटिव्ह झालेल्या १०० जणांत ४५ लसवंत असतील, तर (४५ × ४०) ÷ (५५ × ६०) = ०.५५, म्हणजे सुमारे ४५ टक्के. हे ४५ टक्के म्हणजे क्रॉस प्रोटेक्शन. मात्र वय, तपासणीचा आठवडा आणि लस घेऊन झालेले महिने जुळवल्याशिवाय हा आकडा कुणाला सांगू नका. दूरचा स्ट्रेन हंगामात उशिरा आला असेल, तर घसरण स्ट्रेनमुळे की लसीचा जोर ओसरल्यामुळे हे वेगळं करता येत नाही.

काळाचा प्रश्न डेंग्यूइतका निर्दयपणे कुठेच समोर येत नाही. एका प्रकाराच्या संसर्गानंतर बाकीच्या तिघांपासून काही महिने संरक्षण मिळतं. मग अँटिबॉडी घटतात. विषाणूला निष्प्रभ करायला अपुऱ्या, पण त्याला पेशीत ओढून न्यायला पुरेशा, अशा मधल्या पातळीवर आल्या की धोका वाढतो. २०१५मध्ये पहिली डेंग्यू लस परवाना मिळवून आली. तिच्या दीर्घ निरीक्षणात ज्यांना आधी कधी डेंग्यू झाला नव्हता त्यांच्यात गंभीर आजाराचं प्रमाण वाढलेलं दिसलं, आणि आधी रक्त तपासून मगच लस द्यावी असा सल्ला पुढे आला. म्हणून अशा रोगात सहा महिन्यांचा चांगला निकाल पुरेसा मानू नका. टायटर उतरल्यानंतरची वर्षंही निरीक्षणात हवीत, आणि आधी संसर्ग झालेले व न झालेले यांचे आकडे वेगवेगळे मांडलेले हवेत. मांजरांच्या एफआयपी या कोरोनाविषाणूच्या आजारातही अँटिबॉडीने आजार बळावल्याचं प्रयोगांत दिसलं आहे. तिथेही हीच सावधगिरी.

वापरात आल्यावर

बऱ्याच "फुटलेल्या" संरक्षणाचं मूळ स्ट्रेनमध्ये नसतं. मरेकची पेशीबद्ध लस (विषाणू जिवंत पेशींच्या आत असलेली) द्रव नायट्रोजनमध्ये असते; पेशी मेल्या की लस मेली. अँप्यूल काढताना हातमोजे आणि चेहऱ्यावर कवच घाला (अँप्यूल फुटू शकते), साधारण २७ अंशांच्या पाण्यात झटपट वितळवा, त्याच लसीच्या द्रावकात हलक्या हाताने मिसळा आणि पत्रकात दिलेल्या वेळेत, सहसा तासाभरात, संपवा. पिल्लांत आईकडून आलेल्या अँटिबॉडीही जिवंत लस खाऊन टाकतात. कुत्र्याच्या पिल्लांना डिस्टेंपरसाठी कधीकाळी गोवरची लस देत, ती याच अडचणीवर मात म्हणून: नातं इतकं जवळचं की संरक्षण मिळावं, आणि इतकं दूरचं की आईच्या अँटिबॉडीने ती खोडू नये.

म्हणून लस दिलेल्या कळपात किंवा सौम्य स्ट्रेन दिलेल्या शेतात आजार दिसला, तर या क्रमाने तपासा: साठवण आणि डोस, देण्याचं वय, संसर्ग लसीआधीच होता का, आणि सर्वांत शेवटी स्ट्रेन. स्ट्रेनवर संशय आला तर लस न दिलेल्यांचे आणि दिलेल्यांचे नमुने एकाच दिवशी घ्या, थंड साखळीत पाठवा आणि त्याच कळपाचं सीरम सोबत द्या. नुसता विषाणूचा क्रम पाठवला, तर प्रयोगशाळा तो किती बदलला ते सांगेल. तुमच्या कळपातल्या अँटिबॉडी त्याला ओळखतात का, हे सीरमशिवाय कळणार नाही.